रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातातली पाटी

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमेशनपट आपल्याकडे लागला आणि ठाण्यात राहणारी माझी भाची पहाटेच्या खेळाला गेली. एरवी तिला कॉलेजसाठी उठवताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात. त्या दिवशी मात्र ती अंधारातच तयार होऊन बसली होती. अंगात हिरव्या-काळ्या चौकड्यांचा सैल झगा होता, तोही तिने स्वतः केलेला. हिरवं सुती कापड आणलं, त्यावर पट्टीने चौकोन आखले आणि एकाआड एक चौकोन कापडावरच्या काळ्या रंगाने भरला. चार रात्री गेल्या त्यात. शिवण माझ्या आईने मशीनवर घालून दिली. शिवताना तिने विचारलं, “हे कुणाचं गं झबलं?” भाची म्हणाली, “तान्जिरोचं, आजी. गावोगाव कोळसा विकणारा मुलगा आहे तो.” आई म्हणाली, “मग काळ्या रंगाला कशाला हात आखडतेस?”

थिएटरबाहेर तसेच झगे घातलेली आणखी मुलं होती. कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं, पण खेळ सुरू होईपर्यंत कुणाच्या झग्याची नाडी कुणी बांधत होतं, कुणी कुणाचे फोटो काढत होतं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या तेव्हा आमच्या सोसायटीत जो तो एकच विचारत होता: हे एवढं काय आहे? कार्टूनसाठी पहाटे उठायचं?

प्रश्न रास्त आहे. उत्तर सिनेमात शोधायला गेलं तर सापडत नाही, सिनेमाभोवती जमलेल्या माणसांत सापडतं. ॲनिमेचे चाहते म्हणजे पैसे देऊन खुर्चीत बसणारे प्रेक्षक असं आपण धरून चालतो. या जगाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर हे लोक खुर्चीत कमी आणि कामावर जास्त दिसतात.

आधी शब्द समजून घेऊ

ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार झालेलं ॲनिमेशन. जपानी माणूस कुठल्याही ॲनिमेशनला ॲनिमे म्हणतो. जपानबाहेर मात्र हा शब्द जपानी मालिका-चित्रपटांपुरता वापरतात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक गाजलेले ॲनिमे आधी मांगा म्हणून छापून आलेले असतात. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, ही आजही चालणारी घडी तिथे बसली.

आणि तुम्ही चाळिशीच्या पुढे असाल तर ॲनिमे तुम्हीही पाहिलेला आहे. दूरदर्शनवर रविवारी लागणारं मोगलीचं ‘जंगल बुक’ आठवतं ना? गुलजारांचं शीर्षकगीत असलेलं? ती १९८९ ची जपानी मालिका होती, निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीची.

तिसरा शब्द ओताकू, म्हणजे झपाटलेला चाहता. त्याचा मूळ अर्थ ‘आपलं घर’. समोरच्याला अदबीने संबोधताना जपानीत तो ‘आपण’सारखाही वापरतात. एकाच छंदामुळे भेटलेली अनोळखी पोरं एकमेकांना अरे-तुरे करण्याइतकी जवळची नसत, म्हणून ‘आपण’ म्हणत. १९८३ मध्ये आकिओ नाकामोरी या लेखकाने एका सदरात या सवयीवरून त्यांची टर उडवली आणि शब्द चिकटला. त्याला पुढे फार वाईट दिवस आले, त्याबद्दल खाली सांगते.

जिथे गिऱ्हाईक नसतं

हे जग समजून घ्यायचं असेल तर एका जागी जाऊन उभं राहावं लागतं. ती जागा म्हणजे तोक्योचा कॉमिक मार्केट. सगळे त्याला कॉमिकेट म्हणतात. वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस, समुद्रालगतच्या ‘तोक्यो बिग साइट’ या भल्यामोठ्या प्रदर्शन-संकुलात तो भरतो.

तिथे विकायला असतात दोजिन्शी, म्हणजे समानधर्मी लोकांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका. ‘दोजिन’ म्हणजे एका आवडीची माणसं आणि ‘शी’ म्हणजे नियतकालिक. हा प्रकार मांगाच्याही आधीचा. एकोणिसाव्या शतकात जपानी साहित्यिक आपापल्या गटाची अशी मासिकं काढत. आपल्याकडे साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’ अशी अनियतकालिकं निघाली. चार मित्र, पदरचे पैसे, मोजक्या प्रती, आणि संपादक कापेल ही भीती नाही. दोजिन्शीचा जीव नेमका तोच. फरक विषयात आहे. इथे चाहते आपल्या आवडत्या पात्रांच्या नव्या गोष्टी रचतात. मूळ कथेत दोन मित्रांचं भांडण अर्धवट राहिलं असेल तर ते पुरं करतात. मेलेल्याला जिवंत करतात. कुणी स्वतःची संपूर्ण नवी कथा आणतं, तर कुणी रेल्वे इंजिनांवर, जुन्या पुलांवर किंवा मसाल्यांवर चाळीस पानं लिहून आणतं.

पहिला कॉमिकेट २१ डिसेंबर १९७५ रोजी भरला. ३२ गट होते, ७०० च्या आसपास माणसं आली, आणि त्यांत बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण ॲनिमेचा चाहता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुलगाच येतो. त्याआधी चाहत्यांचं एक मोठं संमेलन भरत असे. त्याच्या कारभारावर टीका केली म्हणून एका मुलीला तिथे प्रवेश नाकारला गेला. त्यावरून चिडलेल्या ‘मेइक्यू’ या टीकाकारांच्या गटाने ठरवलं की आपण असं काही उभं करू जिथून कुणाला हाकलता येणार नाही. त्यातले योशिहिरो योनेझावा पुढे १९८० पासून २००६ मध्ये निधन होईपर्यंत कॉमिकेटचे प्रमुख होते. त्यांनी जमवलेल्या मांगा-मासिकांचं ग्रंथालय आज मेइजी विद्यापीठात आहे.

डिसेंबर २०१९ च्या कॉमिकेटला चार दिवसांत साडेसात लाख माणसांची नोंद झाली. हा उच्चांक. महासाथीनंतर दिवस आणि गर्दी दोन्हींना मर्यादा आल्या, तरी आजही दोन दिवसांत अडीच-तीन लाख माणसं येतात.

आता यातली खरी गोम. कॉमिकेटच्या नियमांत ‘गिऱ्हाईक’ हा शब्दच नाही. पुस्तिका विकणारा सहभागी, विकत घेणारा सहभागी, रांगेसकट सगळं सांभाळणारा स्वयंसेवकही सहभागी. हजारो स्वयंसेवक बिनपगारी राबतात. “आम्ही तिकीट काढलंय, सोय करा” असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

विकणाऱ्या गटाला किती जागा मिळते? एका लांब टेबलाचा अर्धा भाग. नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, आणि दोन खुर्च्या. तेवढ्यात कुणी धुतलेलं कापड अंथरतं, पुस्तिकांची चळत लावतं, किमतीचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहून उभा करतं. सुट्ट्या पैशांचा डबा शेजारी. घेणारेही घरून सुटी नाणी घेऊन येतात, कारण मोठी नोट पुढे केली तर मागच्या पन्नास जणांचा खोळंबा होतो. दारं उघडण्याची घोषणा ध्वनिक्षेपकावरून झाली की आतले-बाहेरचे सगळे टाळ्या वाजवतात. संध्याकाळी संपल्याची घोषणा झाली की पुन्हा टाळ्या.

मला सगळ्यांत आवडतो तो रांगेचा रिवाज. लोकप्रिय गटासमोरची रांग सभागृहाबाहेर जाते, वळते, दुसऱ्या रांगेत मिसळते. मग शेवट कुठे हे कळायचं कसं? तर रांगेतला शेवटचा माणूस हातात एक पाटी उंच धरून उभा असतो: ‘शेवट इथे’. नवा माणूस आला की तो पाटी मागून घेतो आणि आता तो शेवटचा. सबंध दिवस ती पाटी शेकडो हातांतून फिरते. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत किंवा लालबागला रांगेत उभं राहिलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको. तिथेही माणसं एकमेकांना सांभाळून घेतातच. इथे त्या सांभाळण्याला एक पाटी आहे.

बहुतेक गट यातून पैसे कमावत नाहीत. छपाई, गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च निघाला तरी खूप. पण मांगा-ॲनिमेची पुढची पिढी बऱ्याच अंशी याच अर्ध्या टेबलांवर तयार झाली. ‘क्लॅम्प’ हा आज जगभर माहीत असलेला चित्रकर्तींचा चमू मुळात दोजिन्शी काढणारा गट होता. डिसेंबर २००० मध्ये ‘टाइप-मून’ नावाच्या गटाने आपला एक संगणक-खेळ कॉमिकेटला विकायला आणला. पुढे त्यांच्याच ‘फेट’ या कथामालेवर कितीतरी ॲनिमे निघाले.

जपानबाहेर हे पोचलं कसं

सत्तर-ऐंशीच्या दशकांत काही देशांत ॲनिमे दूरचित्रवाणीवरून पोचला. इटली, फ्रान्स, फिलिपिन्स ही त्यातली मोठी नावं. फिलिपिन्समध्ये ‘व्होल्टेस फाइव्ह’ इतकी गाजली की १९७९ मध्ये मार्कोस सरकारने ती बंदच पाडली, शेवटचे मोजके भाग उरलेले असताना. त्या वेळी शाळेत असलेली पिढी तो राग अजून विसरलेली नाही.

अमेरिकेत मात्र काम कॅसेटवर चाललं. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला ॲनिमे पाहणाऱ्यांचा पहिला मोठा क्लब निघाला. जपानमधल्या पत्रमित्रांकडून दूरचित्रवाणीवरून टेप केलेल्या कॅसेट यायच्या, त्याही बिनभाषांतराच्या. ज्याला थोडंफार जपानी येई तो उभा राहून गोष्ट सांगायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घरगुती संगणकाला एक जोडणी लावून चित्रावर अक्षरं उमटवता येऊ लागली आणि फॅनसब सुरू झाले. फॅनसब म्हणजे चाहत्यांनी फुकट केलेली उपशीर्षकं. एक जण भाषांतर करी, दुसरा प्रत्येक वाक्य पडद्यावर कधी येईल आणि कधी जाईल याची वेळ लावी, तिसरा तपासून पाही. तुम्ही कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं. काही आठवड्यांनी तीच कॅसेट भरून घरी येई.

ज्यांच्या घरी शास्त्रीय गाण्याचं वेड होतं त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणं रसिकांच्या घरोघरी अशीच फिरत. माझ्या वडिलांकडे तशा दोन पिशव्या भरून कॅसेट होत्या आणि त्यांचा नियम एकच होता: मागेल त्याला नक्कल करून द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत. फॅनसबवाल्यांचाही अलिखित नियम हाच होता, वर आणखी एक कलम. एखाद्या कंपनीने मालिकेचे रीतसर हक्क घेतले की आपण तिचं वाटप थांबवायचं. कॅसेटच्या सुरुवातीलाच पट्टी असे: विकू नका, भाड्याने देऊ नका.

इंटरनेट आल्यावर हेच काम दिवसांवर आणि मग तासांवर आलं. जपानमध्ये रात्री भाग लागला की दुसऱ्या दिवशी तो ब्राझीलपासून इंडोनेशियापर्यंत भाषांतरासह पाहता येई. हे करणारी माणसं विद्यार्थी होती, परिचारिका होत्या, बँकेत नोकरी करणारी होती. त्यांना एक पैसा मिळत नव्हता.

मग ही चोरी नाही का?

कायद्याने पाहिलं तर बहुतेक वेळा हो. दुसऱ्याची पात्रं, दुसऱ्याची चित्रं, दुसऱ्याचा चित्रपट. चाहत्यांचं प्रेम कितीही खरं असलं तरी ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण मग जपानी प्रकाशक डोळ्यांसमोर वर्षातून दोनदा लाखो पुस्तिका विकल्या जात असताना गप्प का बसतात? यासाठी एक उदाहरण. आमच्या गावच्या घराच्या कुंपणावरून आंब्याची फांदी बाहेर रस्त्यावर गेली होती. शाळेतून येणारी पोरं दोन-चार कैऱ्या पाडायची, आजोबा ओटीवरून पाहायचे आणि पेपर वर करायचे. एकदा एक जण पोतं घेऊन आला, तेव्हा मात्र आजोबा काठी घेऊन उठले. जपानमध्ये साधारण असंच चालतं. तिथल्या कायद्यात कॉपीराइटच्या उल्लंघनाबद्दल हक्कधारकाने तक्रार केल्याशिवाय खटला भरता येत नसे. डिसेंबर २०१८ मध्ये काही गुन्ह्यांपुरती ही अट काढली, पण सरसकट नक्कल करून मूळ मालाचं नुकसान करणाऱ्यांपुरतीच. मूळ पात्रं घेऊन नवी कथा रचणाऱ्या दोजिन्शी त्यातून बाहेर राहतील याची काळजी घेतली गेली, आणि त्यासाठी मांगाकारांनीच आवाज उठवला होता. त्यातले केन आकामात्सू २०२२ मध्ये जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले.

पोतं घेऊन आलेल्यांवर काठी उगारली गेल्याचीही उदाहरणं आहेत. ‘डोरेमॉन’चा शेवट असा झाला, असं सांगणारी एक पुस्तिका एका चाहत्याने काढली. ती इतकी हुबेहूब होती की लोकांना अधिकृत वाटू लागली आणि हजारो प्रती खपल्या. मग प्रकाशकाने हरकत घेतली आणि २००७ मध्ये त्या चाहत्याला माफी मागून पैसे भरावे लागले.

आज जाहिरातींवर पैसे कमावणारी जी चोरटी संकेतस्थळं आहेत त्यांची गोष्ट वेगळी. ती चाहत्यांची नाहीत. तिथे ना नियम, ना थांबण्याचं कलम. ‘मांगामुरा’ हे असंच एक अवाढव्य संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं आणि २०२१ मध्ये ते चालवणाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. माझ्या भाचीच्या गटात अशा ठिकाणी पाहणाऱ्याला मुलं तोंडावर सुनावतात. सगळीच मुलं इतकी काटेकोर असतात असं मात्र नाही.

आणि कधी कधी प्रेम आणि हक्क समोरासमोर येतात तेव्हा कुणाची बाजू घ्यावी हे मलाही सुचत नाही. मार्च २०१८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’चा एक महत्त्वाचा भाग लागणार होता, तेव्हा मेक्सिकोतल्या शहरांनी चौकाचौकांत पडदे लावून तो दाखवायचं ठरवलं. काही ठिकाणी तर स्थानिक प्रशासनच पुढे होतं. कंपनीने परवानगी नसल्याचं जाहीर केलं, जपानच्या दूतावासाने पत्र लिहिलं. तरी हजारो माणसं जमली. आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांना कुणी चोर म्हणावं असं मला वाटत नाही, आणि कंपनी चुकली असंही म्हणवत नाही.

पोरांची कार्टून, आणि जे पोरांसाठी नाही

ॲनिमे हा कथेचा प्रकार नव्हे, ते कथा सांगायचं एक साधन आहे. नाटक म्हटलं तर त्यात बालनाट्य आलं, संगीत नाटक आलं, ‘फक्त प्रौढांसाठी’ही आलं. ॲनिमेतही बुद्धिबळासारख्या खेळांच्या चुरशी आहेत, स्वयंपाक आहे, युद्ध आहे, म्हाताऱ्या जोडप्याच्या गोष्टी आहेत आणि उघडउघड लैंगिक मजकूरही आहे. कॉमिकेटमध्येही तो बऱ्यापैकी असतो. स्वयंसेवक विक्रीआधी प्रत्येक पुस्तिकेची प्रत तपासतात आणि प्रौढांची पुस्तिका अठरा वर्षांखालच्या मुलांना विकायची नाही हा नियम आहे.

म्हणून “माझी मुलगी ॲनिमे पाहते, काळजीचं आहे का?” असं कुणी विचारलं तर मी विचारते, कुठला? “मूल पुस्तक वाचतंय” एवढ्यावर आपण कुठे काही ठरवतो? मालिकेचं नाव विचारा, वयाची शिफारस पाहा, आणि जमलं तर एक भाग शेजारी बसून पाहा. विचारायला गेलात तर मुलं भडाभडा सांगतात.

खोलीत कोंडून घेणारी माणसं?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यामागे एक भीषण घटना आहे. १९८९ मध्ये जपानमध्ये चार लहान मुलींचा खून करणारा एक माणूस पकडला गेला. त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या. त्यांत ॲनिमे होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘ओताकू खुनी’ म्हटलं आणि रातोरात मांगा वाचणाऱ्या प्रत्येक पोराकडे लोक संशयाने पाहू लागले. आपला छंद लपवून जगणारी एक सबंध पिढी तिथे तयार झाली. एकाच्या गुन्ह्याचा डाग लाखोंच्या कपाळी लागला, आणि तो पुसायला वीस वर्षं गेली.

पुसला कुणी? मला वाटतं वाशिनोमियासारख्या गावांनी. तोक्योच्या उत्तरेला सायतामा प्रांतात वाशिनोमिया नावाचं जुनं शिंतो देवस्थान आहे. २००७ मध्ये ‘लकी स्टार’ या मालिकेत त्या देवळासारखं देऊळ दिसलं आणि चाहते ते शोधत गावात येऊ लागले. अशा प्रवासाला तिकडे ‘सेइची जुन्रेइ’ म्हणतात, शब्दशः तीर्थयात्रा. आधी गावकरी घाबरले. कॅमेरे लटकवलेली ही पोरं कोण? पण पोरं देवळात वाकून नमस्कार करत, नवसाच्या लाकडी पाट्यांवर आपल्या आवडत्या पात्रांची चित्रं काढून टांगत, गावातल्या दुकानांत जेवत. २००८ च्या नववर्षाला तीन दिवसांत तीन लाख माणसं दर्शनाला आली, पुढच्या वर्षी चार लाखांवर. २००८ च्याच सप्टेंबरात गावच्या उत्सवात ‘लकी स्टार’ची चित्रं लावलेली पालखी निघाली आणि ती चाहत्यांनी खांद्यावर घेतली. गावकरी त्यांना पालखी कशी उचलायची, पाऊल कसं टाकायचं हे शिकवत होते.

कामाकुरात समुद्राकाठच्या एका रेल्वे फाटकाची गोष्ट उलटी आहे. ‘स्लॅम डंक’ या ॲनिमेमुळे ते फाटक जगभर माहीत झालं आणि आता फोटोसाठी रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गर्दीने तिथले रहिवासी हैराण आहेत. तिथे पाटी धरणारं कुणी नाही.

१८ जुलै २०१९ रोजी क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओला एका माणसाने आग लावली. ३६ कलाकार गेले. त्या आठवड्यात जगभरातल्या चाहत्यांनी जे केलं ते पाहून मी या विषयाकडे गंभीरपणे वळले. एका अमेरिकी वितरकाने सुरू केलेल्या निधीत वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. आणि कितीतरी जणांनी स्टुडिओच्या ऑनलाइन दुकानातून फक्त डिजिटल चित्रं विकत घेतली. का? तर वस्तू मागवली तर शोकात असलेल्या कुणाला तरी ती बांधून टपालात टाकावी लागेल. चित्र उतरवून घेतलं की कुणाला उठावं लागत नाही. एवढा विचार हजारो अनोळखी माणसांनी एकमेकांना सांगून केला.

कंपन्या आल्यावर

२००६ मध्ये अमेरिकेत काही तरुण चाहत्यांनी ‘क्रंचीरोल’ हे संकेतस्थळ सुरू केलं. लोक तिथे फॅनसब चढवत, विनापरवाना. २००९ च्या सुरुवातीला त्यांनी जपानी कंपन्यांशी करार केले, चोरटं सगळं काढून टाकलं आणि कायदेशीर झाले. २०२१ मध्ये सोनीने ते ११७.५ कोटी डॉलरला विकत घेतलं. जपानी ॲनिमे उद्योगाची २०२३ ची बाजारपेठ ३ लाख ३४ हजार कोटी येनची होती, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जपानबाहेरून आला. फुकट राबून ज्यांनी ही बाहेरची बाजारपेठ तयार केली, त्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. काही जण पुढे रीतसर भाषांतरकार झाले, बाकीचे आपापल्या नोकऱ्यांत परतले. मला याची रुखरुख वाटते. कॅसेटवाल्या त्या माणसांची नावंसुद्धा आज बहुतेकांना ठाऊक नाहीत.

आता भाषांतरात यंत्र आलं आहे. २०२५ च्या जुलैत एका नव्या मालिकेच्या जर्मन उपशीर्षकांत चक्क ‘चॅटजीपीटी म्हणाले’ अशी ओळ राहून गेली. कंत्राटदाराने करार मोडून यंत्र वापरलं, असा खुलासा क्रंचीरोलने केला. ही ओळ पकडली तीही चाहत्यांनीच, भाग लागल्या लागल्या. फुकट काम करणाऱ्या जुन्या गटांकडून असं झालं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आपल्या इथेही चाहते नुसते बसून राहिलेले नाहीत. माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून इथल्या मुलांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो थिएटरात आला. परवाचा ‘डीमन स्लेअर’ जपानी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही होता. मराठीत नव्हता.

मराठीत ‘दादा’

झगा शिवून दिल्यापासून आईला त्या कोळसा विकणाऱ्या मुलाचं काय झालं हे हवं होतं. तिला इंग्रजी उपशीर्षकं वाचवत नाहीत, हिंदी आवाज तिला भराभर वाटतात. म्हणून भाचीने दोनशे पानी वही घेतली आणि मालिकेचा पहिला भाग थांबवत थांबवत मराठीत उतरवला. रीतसर वर्गणी भरून पाहायचं, दर दोन वाक्यांनी थांबवायचं आणि वहीतून आजीला वाचून दाखवायचं.

मी ती वही चाळली. जपानीत धाकटी भावंडं थोरल्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, ‘ओनीचान’ म्हणतात. इंग्रजी उपशीर्षकांत अशा जागी बहुतेकदा नुसतं नाव येतं, कारण इंग्रज मूल भावाला ‘ब्रदर’ म्हणून हाक मारत नाही. पन्नास वर्षं इंग्रजी भाषांतरकार या एका शब्दाशी झगडताहेत. भाचीने तिथे ‘दादा’ लिहिलं होतं, पुढे सरकली होती. म्हातारा शेजारी मुलाशी बोलतो तिथे ‘अरे’, मुलगा त्याच्याशी बोलतो तिथे ‘तुम्ही’, तलवारबाजाशी पहिल्यांदा बोलताना ‘आपण’. जपानीत या पायऱ्या आहेत, आपल्यातही आहेत, आणि तिला त्यासाठी विचारही करावा लागला नव्हता. एके ठिकाणी मात्र तीन शब्द खोडून चौथा लिहिला होता, आणि समासात आजीसाठी टीप: ‘हाओरी म्हणजे तू शिवलास तो.’

सध्या चौथा भाग चालू आहे. काल आई फोनवर मला म्हणाली की पोरीची परीक्षा आहे म्हणून वही आठ दिवस बंद आहे, आणि तिला म्हणावं अभ्यास कर, पण तो दादा त्या डोंगरावरून खाली उतरला का तेवढं आधी सांग.